तापीबाईचा झाडू आणि मोठ्या साहेबांची तपासणी

तापीबाईला शिंक म्हणून यायची नाही. नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर उभी हयात गेलेली. नवख्या बाया पदरात तोंड खुपसून शिंकून शिंकून बेजार व्हायच्या आणि तापीबाई वाळत्या मिरचीच्या कडेला मांडी घालून निवांत भाकरी खायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. स्टेशनच्या रस्त्यावर एकाच घरात दोन दवाखाने होते, मध्ये नुसता फळ्यांचा आडोसा. अलीकडे नवलसिंग डॉक्टर, तापीकाठचे गिरासे राजपूत, स्वच्छतेच्या बाबतीत भलतेच कडक. पलीकडे सुरतेहून आलेले रतिलालभाई, दातांचे डॉक्टर. दोघांचं एकमेकांशी जमत नसे, पण झाडझुडीला दोघांत मिळून एकच माणूस लागे आणि तो कधी टिकत नसे. नवलसिंग डॉक्टर फरशीवरून बोट फिरवून ते डोळ्यांजवळ धरत, आणि रतिलालभाईंच्या चूळ थुंकायच्या तस्तात जे काही पडलेलं असे, ते पाहून भलेभले पळ काढत.

तापीबाईने मात्र काम घेतलं. "दात म्हंजे मिरचीना देठ," ती म्हणाली. "उचलानं अन् फेकी देवानं."

दुपारी पथारीवरचं आवरलं की तिथलाच झाडू काखेत मारून ती दवाखान्यात यायची. घरात एक झाडू असताना दुसरा घेणारी बाई तिच्या हिशेबी उधळी.

पहिल्याच दिवशी तिने डॉक्टरांची खोली कोपऱ्यान् कोपरा झाडली आणि पोटदुखीचा एक म्हातारा शिंकला. मग त्याची म्हातारी. मग कंपाउंडर वाहरू हातातल्या बाटलीसकट. डॉक्टर नळी कानात घालून एकाची छाती तपासत होते, नेमका तोच शिंकला. ते कान धरून खालीच बसले. उठले ते स्वतः शिंकत. "साथ आली!" ते ओरडले. "दारं उघडा! झाडा, सगळं पुन्हा झाडा!"

तापीबाईने पुन्हा झाडलं. जितकं झाडावं तितकी साथ वाढत गेली. तिला डॉक्टरांची दया आली. एवढा शिकलेला माणूस, आणि नाकाने असा नाजूक.

त्याच आठवड्यात सारंगखेड्याचा घोड्यांचा व्यापारी जालमसिंग दाढ धरून रतिलालभाईंकडे आला. उधळलेली घोडी लगामाला धरून थांबवणारा गडी, पण पकड तोंडात गेली की चावायचा. दोघांनी खांदे दाबले, एकाने पाय धरले, रतिलालभाईंनी कशीबशी दाढ पकडीत धरली, आणि नेमकी तेव्हाच तापीबाई खुर्चीखाली झाडायला वाकली. जालमसिंग असा काही शिंकला, की डोकं मागे गेलं आणि दाढ पकडीतच राहिली.

"आते काढा ना भाऊ!" तो डोळे मिटून म्हणाला.

"अरे, निकळी गई!" रतिलालभाई पकडीकडे बघत म्हणाले.

बाजारात बोभाटा झाला. दात दुखणारे येत आणि आधी विचारत, "झाडूवाली बाई शे का?" ती नसेल तर पायरीवर बसून राहत. रतिलालभाईंनी झाडू निरखला, त्यावरची तांबडी पूड पाहिली आणि हात जोडून म्हणाले, "तापीबेन, हा झाडू कधी धुवायचा नाही हां." तिकडे डॉक्टरांनाही आपल्या पांढऱ्या कोटावर तीच पूड सापडली होती. त्यांनी फर्मान काढलं : झाडू फिनेलमध्ये बुडवल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आणायचा नाही.

मग तापीबाई डॉक्टरांसाठी झाडू धुई, त्यांची खोली झाडी, पथारीवर जाऊन तोच झाडू मिरचीत लोळवी आणि रतिलालभाईंकडे येई. एक धूळ काढायला सांगे, दुसरा आणायला. आपण बरी की हे बरे, असा तिला प्रश्न पडे. पण ती कुणाला विचारायला गेली नाही.

तरी पूड आडोशावरून डॉक्टरांकडे येतच राहिली. शेवटी त्यांनी ओळखीतल्या एका मोठ्या सरकारी साहेबांना तपासणीला बोलावलं. साहेब आले ते कडक टोपी घालून. दात असे एकसारखे शुभ्र, की रतिलालभाई बघतच राहिले. रतिलालभाईंच्या खोलीत उभं राहून साहेबांनी झाडू मागवला. "हाच का तो उपद्रव?" असं म्हणून त्यांनी तो नाकासमोर धरून झटकला.

शिंक आली. साहेबांची अख्खी कवळी तोंडातून सुटली, आडोशावरून पलीकडे गेली आणि डॉक्टरांच्या फिनेलच्या बादलीत पडली.

कुणाला काही कळलंच नाही. साहेबांनी तोंडावर हात दाबला होता. "फाझी... फाझी..."

"काय हरवलं, साहेब?"

"फवफी!"

"पेन्सिल म्हणताहेत!" वाहरू ओरडला. सगळे गुडघ्यांवर आले. डॉक्टरांनी आपली पेन्सिल दिली, रतिलालभाईंनी आपली, वाहरूने कानावरची. मुठीत पेन्सिली घेऊन साहेब उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तापीबाईने आडोशापलीकडे जाऊन बादलीत डोकावलं. तळाशी दात हसत होते. तिने आडोशाच्या कडेने एकदा साहेबांकडे पाहिलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड हाताखाली कसं बसकं झालंय, ते तिला दिसलं. तिला हसू आलं नाही. तिने बादली उचलली. "साहेब, हात धोवाले मांगे चला."

परसात तिने रांजणातल्या पाण्याने कवळी चांगली चोळून धुतली, पदराखालून त्यांच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली. "ल्या साहेब, तुमनी पेन्सिल."

साहेब आत परतले, तेव्हा तोंडाला फिनेलचा भपकारा येत होता. "तपासणी झाली," ते म्हणाले. "दवाखाने उत्तम आहेत. मध्ये विटांची भिंत घाला, झाडू दोन ठेवा. आणि या बाईंना कामावरून काढाल तर याद राखा!"

भिंत उठली. डॉक्टरांकडची साथ ओसरली, तसे रोगीही ओसरले, म्हणून ते थोडे खट्टू झाले. तापीबाई दोन्हीकडे झाडत राहिली, आणि साहेबांच्या दमामुळे दोन्हीकडून तिला चहा सुरू झाला. आधी डॉक्टरांकडचा पिऊन ती भिंतीला वळसा घालून रतिलालभाईंकडचा प्यायला जाई. कुणाचा चांगला, हे दोघांनीही एकेकटं गाठून तिला विचारून पाहिलं. तिने कुणालाच सांगितलं नाही.