आणणाऱ्याचा वाटा

लातूरच्या बसस्टँडवर निवृत्ती रिक्षावाल्याला पेशंट ओळखायला काही विचारावं लागत नसे. उदगीरची, देवणीची गाडी लागली की काखेत एक्सरेचं मोठं पाकीट धरून उतरणारं माणूस त्याचंच. "चला मावशी, एमआरआय ना? वळखीचं सेंटर हाय, कमी करून देतो."

कमी कसलं डोंबलाचं. त्या ओळखीच्या, म्हणजे विरूपाक्षच्या सेंटरवर माणूस पोचवलं की निवृत्तीला पाचशे सुटत, आणि ते त्या मावशीच्याच बिलातून. मशीन, इंजेक्शन, रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, चिठ्ठी देणारा डॉक्टर आणि दारात ब्रेक मारणारा रिक्षावाला, सगळे त्या एका बिलावर जेवतात. बिल फुगतं ते असं.

निवृत्तीला याचं कधी काही वाटलं नव्हतं. मग त्याच्या बायकोच्या, पंचशीलाच्या हातून कप पडायला लागले. आधी डोकं दुखायचं, आता उजव्या हाताला मुंग्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय करा, इंजेक्शन देऊन. गाठ असली तर नीट दिसेल.

"विरूपाक्षअण्णाकडंच जाऊ," रिक्षात बसताना पंचशीला म्हणाली. "निम्म्यात करून देतो म्हणला ना तुमाला?"

"हाव," तो म्हणाला आणि चौकात विरूपाक्षच्या बोर्डाकडं न बघता रिक्षा सरळ पुढं काढली.

"ओ, मागं राहिलं की."

"म्हाईत हाय."

नव्या सेंटरमध्ये काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करता सांगितलं, "इंजेक्शन धरून नऊ हजार. आणलं कोणी? रिक्षावाल्याचं नाव सांगा."

"कशाला?"

"त्यांचे द्यावे लागतात ना, काका."

"मी नवरा हाय हिचा."

"मग सातशे कमी करते."

पंचशीलानं नवऱ्याकडं बघितलं. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, पण डोळ्यांत धूळ फेकून घेणारी नव्हती. आतल्या दारापाशी गळ्यातलं, जोडवी, केसांतल्या पिना त्याच्या ओंजळीत ठेवताना तिनं हळूच विचारलं, "तुमी बी घेता हे?"

"घेतो."

"मग मला तिथं का नेलं न्हाई?"

थाप मारायला त्याला एरवी वेळ लागत नसे. आज जमली नाही. "तिथलं मशीन जुनं झालंय. फोटो पुसट येतंय. डॉक्टर लोक परत काढायला लावतेत."

"आन् तुमी लोकास्नी तिथंच न्यायलाव."

ती वळून आत गेली. दार लागलं. मशीनची ठकठक सुरू झाली आणि मध्येच थांबली. मशीन चालवणारा बाहेर येऊन म्हणाला, "पेशंट लई हलायलेत. रडायलेत बहुतेक. असं हललं तर कुठल्याबी मशीनवर पुसटच येणार. इंजेक्शन अजून दिलं न्हाई. दिलं आन् वाया गेलं तर दुसऱ्याचे वेगळे पडतील."

पैशाचं निवृत्तीनं ऐकलंच नाही. पुसट फोटोत गाठ राहून गेली तर?

"मी आत बसू?"

"लोखंडाचं सगळं काढा. मोबाईल भायेर."

आत त्याला बायकोची फक्त पावलं दिसली. बाकी सगळी ती मशीनच्या पोटात. पावलं थंडगार होती आणि कापत होती. त्यानं ती दोन्ही हातांत धरली.

"पंचशीला, हलू नको."

"उद्यापासून कुणाला तिथं न्यायचं न्हाई," आतून आवाज आला.

रिक्षाचा हप्ता त्याच पाचशांवर निघायचा. तिलाही ते ठाऊक होतं.

"न्हाई नेत."

"विरूपाक्षाला फोन करून सांगा."

"फोन भायेर ठिवलाय."

"मग भायेर गेल्यावर. मी समोर असताना."

"हाव."

पावलांचं कापणं हळूहळू थांबलं. काचेमागून मशीन चालवणाऱ्याचा हात वर झाला, ठकठक पुन्हा सुरू झाली. आता निवृत्तीचेच हात थरथरायला लागले. तिला धक्का लागू नये म्हणून त्यानं ते अलगद सोडवून घेतले आणि मांडीखाली दाबून बसला.