शेपटाकडचा आधार

ज्या गोष्टीचे समीकरण मांडता येत नाही, तिच्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो...

मुलुंड पश्चिमेच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी आणि सामंत कंट्रोल्स, म्हणजे यंत्रांचे स्वयंचलित नियंत्रण, शिकवत होतो. दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत ट्विन रोटर यंत्र होते — आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रोटर, म्हणजे फिरती पाती. एक रोटर दांडा उचलतो, शेपटाकडचा दुसरा तो वळवतो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे काम बिघडवतो. दांड्याला अधांतरी स्थिर ठेवणारा माझा कंट्रोलर, म्हणजे नियंत्रणाचा प्रोग्राम, सामंतच्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होता. दांडा मात्र सामंतच्याच हाती स्थिर राही. सुरू करताना तो दांड्याच्या शेपटाला खालून दोन टिचक्या मारी, क्षणभर बोटाचा आधार देई आणि म्हणे, “घाबरू नको गो, बाय.”

“ही लबाडी आहे,” मी म्हणे.

“अरे, तू धाक दाखवतोस, मी धीर देतो. जळतोस कशाला?”

जळत होतोच. टाळ्या त्याला मिळत.

गेल्या वर्षी सामंत वारला. या ऑक्टोबरात यंत्र भंगारात निघणार, असे विभागप्रमुख वैद्य मॅडमकडून कळले. माझ्या कंट्रोलरवर दांडा एकदा तरी स्थिर राहिलेला मला पाहायचा होता. परवानगी मागितली.

भर दुपार. वाऱ्याने दांडा हलू नये म्हणून छताचे पंखे बंद, खिडक्या बंद. मी आणि मॅडम दोघेच, यंत्रापासून दूर, संगणकापाशी.

दांडा वर आला, थरथरला... आणि स्थिर झाला.

“काय सर! सामंत सरांना उगाच भाव दिला ना आम्ही?” मॅडम हसल्या.

या वाक्याची मी अनेक वर्षे वाट पाहिली होती. मग पडद्याकडे पाहिले. जे थेट मोजता येत नाही त्याचा अंदाज मोजलेल्या गोष्टींवरून बांधणे, हे माझ्या ऑब्झर्व्हरचे काम. दांड्यावर बाहेरून पडणारे बलही तो दाखवतो. ती रेषा सपाट असायला हवी होती. तिच्यावर सुरुवातीलाच दोन बारीक उंचवटे होते; पाठोपाठ क्षणभराचा आधार. शेपटाला, खालून.

“हात लावलात?”

“सर, मी इथेच उभी आहे ना!”

सेन्सर तपासले, बेअरिंग तपासले. दोष नव्हता. पुन्हा चालवले. रेषा सपाट राहिली — आणि दांडा झोकांड्या खात आदळला. दुपारभर आदळतच राहिला.

निघताना मॅडमनी पहिल्या चाचणीचा आलेख छापला. “खाली नाव तुमचंच घालू ना, सर?”

“घाला,” मी म्हणालो.

मेल्यानंतरही त्याला टाळी द्यायची माझी तयारी नव्हती.