जत्रेतली जिलबी

खालापूरच्या थीम पार्कमधल्या हॉटेलात नातीने पाच-सहा पदार्थ मागवले आणि प्रत्येकातला एक घास माझ्यापुढे ठेवला. शेवटी गरम जिलबी आली. ती मी बाजूला सारली. शालिनीला जाऊन सात महिने झाले. वर्षभर गोड खायचं नाही, असं मी ठरवलं आहे. पण त्या पाकाच्या वासाने मला पन्नास वर्षं मागे, दहिवलीजवळच्या जत्रेत नेलं.

लग्नानंतरची आमची पहिली जत्रा. देवीला नारळ वाढवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. आई रांगेत उभी राहिली आणि शालिनी मला थेट पाळण्याशेजारच्या तंबूतल्या हॉटेलात घेऊन गेली. कांदाभजी, मिसळ, जिलबी; प्रत्येकातला एकच घास घेऊन उरलेलं तिने माझ्याकडे सरकवलं.

"आईला कळलं तर?" मी घाबरून विचारलं.

"चव बघणं म्हंजे खाणं नाय," ती म्हणाली. "खाताय ते तुमी."

रांगेत आईने विचारलंच, "काय खाल्लंस का गं?"

"नाय आई. चव बघितली फक्त."

आईने तिच्या हनुवटीवरचा पाक पदराने पुसला आणि नारळ तिच्या हातात दिला. "तूच वाढव. याच्या तोंडाला कांद्याचा वास येतोय."

तेव्हा वाटलं, थोडक्यात वाचलो. आता कळतं, आईने त्या दिवशी तिला खऱ्या अर्थाने घरात घेतलं.

मी जिलबीचा तुकडा मोडला.

"आजोबा, गोड खाताय?" नात चमकली.

"खात नाही गं," मी म्हणालो. "चव बघतोय."