टोपीसाठी आणलेली गाडी

आमच्या भावोजींची गाडी नवी होती तेव्हाही कुणाला आवडली नव्हती. पुढून रडवेली, मागून बसकी, आणि स्टिअरिंग असं की वळवताना खांदे निखळावेत. कारखान्यानं अशा थोड्याच गाड्या काढल्या आणि गाशा गुंडाळला. जुन्या गाड्या लोक जपतात, मान्य आहे. पण त्या बघायला माणसं थांबतात तरी. ही बघून विचारतात, "भंगारात काढताय का?"

भावोजी दवाखान्यात एक्स-रे काढतात. स्वभावानं अतिशय शांत. त्यांच्या वाटणीचं चिडायचं काम ताई आणि मी करतो.

मागे या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तडा गेला. प्लगना ठिणगी पोचवणारी ही काळी टोपी, जेमतेम वाटीएवढी, पण तिच्याविना गाडी जागची हलत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीची हिला बसत नाही, हेही आलंच. त्या वाटीपायी मी भावोजींच्या मागे जुना बाजार पालथा घातला. एक दुकानदार खो खो हसत म्हणाला, "ही गाडी खरंच रस्त्यावर आली होती का हो?" भावोजींनी शांतपणे पाकिटातून गाडीचा फोटो काढून दाखवला. त्या पाकिटात ताईचा फोटो नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी टोपी मिळाली. फक्त तिच्याभोवती अख्खी गाडी होती. एका गोदामामागे तसलंच दुसरं ध्यान गंजत पडलेलं सापडलं आणि दोर बांधून आम्ही ते घरी आणलं. ताई तेव्हा झोपायच्या खोलीत शिवण शिकवायची. मुली पलंगावर कापड बेतायच्या. बोली अशी ठरली की टोपी काढून घ्यायची, उरलेला सांगाडा भंगारात द्यायचा, आपली गाडी चालू झाली की ती बाहेर रस्त्याकडेला लावायची आणि गाडीची शेड ताईला वर्गासाठी मोकळी करून द्यायची.

भावोजींनी इथे घोळ घातला. टोपी चांगली आहे ना, हे काढण्याआधी बघावं म्हणून त्यांनी बॅटरी जोडली, पेट्रोल घातलं आणि चावी फिरवली. ती मेली सुरू झाली!

"चालत्या गाडीचे पार्ट कसे काढायचे?" भावोजी म्हणाले.

"अहो, त्यासाठीच आणलीत ना ती?" ताईनं कपाळाला हात लावला.

"तेव्हा ती बंद होती."

झालं! शेडमध्ये दोन गाड्या आणि आम्ही पुन्हा टोपीच्या मागे. भावोजी आता दोघींच्या बॅटऱ्या चार्ज करायचे. नव्या पाहुणीच्या सीटसुद्धा धुतल्या त्यांनी. इकडे ताईकडे नव्या मुली सोमवारपासून येणार होत्या. जागा नसेल तर त्या चौकातल्या दुसऱ्या शिवणाच्या बाईंकडे जाणार होत्या, आणि त्या गेल्या असत्या तर ताईचा वर्ग बंदच पडला असता.

रविवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. भावोजी पायरीवर बसून राहिले. भंगारवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"भावोजी, हात जोडतो, एक टोपी काढा हो!" मी म्हणालो.

"जरा थांब. आठवडाभरात दुसरी मिळेल."

ताई आतून आली. तिनं दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं, क्लिपा सोडवल्या, टोपी काढली, कपड्यानं आतून पुसली आणि आपल्या गाडीवर बसवली. "पहिली, तिसरी, चौथी, दुसरी," असं पुटपुटत तिनं वायरी खोचल्या. मग आत बसून, चोक किंचित ओढून तिनं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

भावोजी ताडकन उठले. "वा! ऐकलंस? किती सुरेख—"

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होती. हात काळे झाले होते.

"मला सगळं येतंय हो," ती म्हणाली. "तुम्ही कधी शिकवलं नाहीत, मी कधी विचारलं नाही. तुमच्या बाजूला टॉर्च धरून उभी राहता राहता माझी वर्षं यातच गेली. माझं शिवण तुम्ही एकदा तरी बघितलंत का?"

मला भावोजींचा राग आला आणि त्यांची दयाही आली. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि इतक्या महिन्यांनी सुरू झालेलं इंजिन स्वतः बंद केलं.

"शेडमध्ये तुझी शिवणाची मशीन कुठल्या भिंतीला लावायची," ते म्हणाले, "ते मला दाखव."