सोनवणे साहेबांची गाडी

जुनी गाडी घेताना माणसं फसतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मी गाडी न घेताच फसलो. सांगू की नको, असं होतंय खरं तर. चहा घ्या, सांगतोच. हसायचं तर हसा, मला मात्र अजून हसू येत नाही.

नव्वदच्या दशकातली, नाशकातली गोष्ट. माझे सासरे सायखेड्याला अंथरुणाला खिळले होते. आमच्या हिची, शैलाची, कंबर कायमची धरलेली. डॉक्टरांनी स्कूटरवर बसायचं बंद केलेलं. दर रविवारी एसटीचे हादरे खात ती बापाला भेटून यायची आणि सोमवार आडवी पडून काढायची. एकदा उशीत तोंड घालून म्हणाली, "बाबा आहेत तोवर एखादी गाडी बघा ना. जुनी चालेल." लग्न झाल्यापासून या बाईने पहिल्यांदा काही मागितलं होतं! मी ड्रायव्हिंग शिकलो, लायसन काढलं. नवशिक्या हाताला छोटी गाडीच बरी, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग ऑफिसातला एकजण म्हणाला, गंगापूर रोडला सोनवणे साहेब म्हणून आहेत, रिटायर्ड. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, मुलं बाहेरगावी, गाडी विकणार आहेत. पांढरी एट हंड्रेड, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. उद्याच जा म्हणाला.

गेलो. तर फाटकाशी चपलांचा ढीग. एवढी गिऱ्हाइकं? गाडी पोर्चमध्ये उभी होती. पत्रा कुठे ठोकलाय का बघायला मी बॉनेटवरून हळूहळू हात फिरवला. वाकून गंज बघितला. टायरशी बराच वेळ उकिडवा बसलो आणि मग आत गेलो.

आत सगळे गप्प. कोणी कोणाकडे बघेना. मला वाटलं, भाव आधी कोण बोलतो याची वाट बघताहेत. एवढा व्यवहार मलाही कळतो, मीही कोपऱ्यात तोंड शिवून बसलो. बऱ्याच वेळाने एका काकूंनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" म्हटलं, काल, ऑफिसात. आणि मान वळवली तर भिंतीशी पणती, पणतीमागे फोटो, फोटोला हार.

सोनवणे साहेब दोनच दिवसांपूर्वी गेले होते. आमच्या ऑफिसातल्या शहाण्याला पत्ताच नव्हता.

आता सरळ उठून खरं सांगायचं की नाही? तुम्ही सांगितलं असतंत. मी नाही सांगितलं. "तुम्ही यांचे...?" काकूंनी विचारलं आणि मी बोलून गेलो, "सकाळी फिरायला बरोबर असायचो."

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मला म्हणायचे, एकटाच फिरतो, कोणी बोलायला नाही. बरं झालं बाई, कोणीतरी होतं म्हणायचं." आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "नितीन, हे मघाशी गाडीवरून कसा हात फिरवत होते, मी खिडकीतून बघितलं. तेव्हाच म्हटलं, यांच्या जवळचं कोणीतरी आलंय."

सांगा, यानंतर गाडीचा विषय कोणत्या तोंडाने काढायचा? सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तेवढं पाळून बाहेर पडलो. फाटकाशी नितीन कोणाला तरी सांगत होता, दहावं झालं की गाडी काढून टाकतो, आई काय चालवणार. माझ्या जिवात जीव आला. घरी येऊन शैलाला म्हटलं, दहावं होईपर्यंत थांब.

दहाव्याला मी गंगेवर सगळ्यांच्या आधी हजर! विधी झाले, पिंड ठेवला, मंडळी मागे सरली. पण कावळा काही शिवेना. रामकुंडाकडचे कावळे ते, त्यांना रोजच पंगत. नितीनने हात जोडून आईला पुण्याला नेतो म्हटलं. धाकट्याने भावाशी वाद घालणार नाही म्हटलं. जावयाने तंबाखू सोडली. कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले आणि काकूंना रडू आवरेना. ते रडणं खरंच बघवत नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्याशी बोलायचे ना ते? काय राहिलं असेल हो मनात?"

इथे माझ्यातलं गिऱ्हाईक जागं झालं. माझा बेत असा, की आपण गाडीचं नाव काढावं, नितीन म्हणेल, चांगल्या माणसाच्या हाती देतो, आणि चांगला माणूस समोर उभाच आहे! मी खाकरून म्हणालो, "साहेबांचा जीव गाडीत अडकलाय."

नितीनने डोळे पुसले, पिंडापुढे गुडघे टेकले. "बाबा, गाडी विकणार नाही. आई आहे तोवर दारातच राहील."

वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला.

लोक माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. नितीनने मिठी मारली आणि पुण्याला परतताना गाडीची किल्ली माझ्याच हातात दिली. काकूंचा पाय काही नाशकातून निघेना. म्हणाला, दर रविवारी येऊन जरा सुरू करा, नाहीतर बॅटरी उतरेल, धुऊन-पुसून ठेवा. फाटकाबाहेर मात्र काढू नका, दुसऱ्या कोणी चालवलेली आईला बघवणार नाही.

तेव्हापासून रविवारी शैला एसटीने सायखेड्याला आणि मी स्कूटरने गंगापूर रोडला. दुसरी गाडी बघायची होती, म्हणाल. अहो, बघायला सुटी रविवारचीच, आणि रविवार सोनवणे साहेबांना वाहिलेला! शैलाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "त्या बाईंना दुखवू नका आता," एवढंच म्हणाली आणि कंबरेला पट्टा बांधून बस पकडायला गेली.

सासरे गेले ते रविवारीच. चांदोरीला एसटी बंद पडली होती. शैला पोचली तेव्हा बापाचे डोळे मिटलेले होते.

सगळं उरकल्यावर मी पुन्हा गाडी पुसायला गेलो, किल्ली माझ्याकडेच होती ना. काकू चहा घेऊन पायरीवर बसल्या. खोदून खोदून विचारलं, तेव्हा बस, हादरे, चांदोरी, सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे बघून, मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, गाडीतलं तुम्हाला एवढं कळतं. बायकोसाठी एखादी जुनी का नाही घेतलीत?"

मी फडकं पिळलं. म्हणालो, "बघायला गेलो होतो एकदा, काकू. नाही जमलं."