दोन घावांत बसलेली चावी

त्या मंगळवारी माझ्या छोट्या ट्रकमध्ये चाव्यांची वीस पोती होती आणि बाजूच्या सीटवर बाबा बसले होते, पायाला बँडेज. बाबा काचीगुडा स्टेशनवर हमाली करायचे. एक पेटी पायावर पडली, दोन बोटं गेली, आणि साखरेमुळे जखम भरेना. घर आईच्या हातावर चालायचं; ती दोन घरचा स्वयंपाक करायची. दर मंगळवारी बरकतपुऱ्याच्या दवाखान्यात ड्रेसिंग असायचं. गल्लीत ऑटो यायला तयार नसायचे. म्हणून मी त्यांना ट्रकमध्ये घेतलं. हे नियमाबाहेर होतं, मला माहीत होतं.

मी बी.कॉम. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी लपवत नाही आणि नोकरी मिळाली नाही हेही लपवत नाही. चार दिवस आबिड्सच्या एका ऑफिसात टायपिंग करायचो. रविवार ते मंगळवार एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचो. रेल्वेच्या ट्रॅकवर काम करणाऱ्या गँगला सामान पोचवायचं आणि काढलेलं जुनं सामान परत आणायचं.

चावी म्हणजे रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणारी वळलेली लोखंडी क्लिप. ट्रॅकवरची माणसं तिला चावीच म्हणतात. हातोड्याने ठोकून बसवायची. ती सैल असेल तर गाडीखाली रूळ हलतो.

सकाळी ठेकेदाराच्या यार्डात पोती चढवताना एकाचं तोंड सुटलं होतं. मी हात घालून आतल्या चाव्या नीट केल्या. हात काळा झाला. नव्या चाव्यांचा रंग असा हाताला येत नाही. शिवाय बाकीच्या पोत्यांना नव्या मालाला असते तशी मशीनची शिलाई नव्हती, हाताने तार पिळली होती. मी सुपरवायझर यादगिरीला विचारलं, "हा माल नवाच ना?"

तो म्हणाला, "तुमे ड्रायव्हर है की इन्स्पेक्टर? कॉलेज में चावी का पेपर था क्या? चलो, निकलो."

मी निघालो. बाबांना घेतलं, ड्रेसिंग होईपर्यंत थांबलो, मग त्यांना घरी सोडलं. पण संशय गेला नाही. आरशात मागची पोती सारखी बघत होतो, जणू ती काही बोलणार होती.

शहराबाहेरच्या फाटकाजवळ दोन ते चार ब्लॉक होता. ब्लॉक म्हणजे तेवढा वेळ त्या लाइनवर गाडी सोडत नाहीत. त्यात काम संपलं नाही तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. गँगचा प्रमुख, ज्याला मेट म्हणतात, तो मल्लय्या. केस पांढरे, आवाज हळू. त्याने एका माणसाला पहिली चावी ठोकायला सांगितली आणि स्वतः पाठ फिरवून चहा प्यायला लागला.

टण. टण. बसली.

मल्लय्याने कप खाली ठेवला. "और एक मार."

दुसरीही दोन घावांत बसली. नवी चावी चार-पाच घाव घेते. ती तटतटते, आत जायला कां-कू करते. वापरलेली मात्र ढिली असते, लगेच जाते. मल्लय्याला बघायची गरज नव्हती, त्याने ऐकलं होतं.

तो माझ्याकडे वळला. "गाडी रास्ते में कहाँ रोके?"

तेवढ्यात रेल्वेचे इंजिनिअर साहेब आले. त्यांनी यादगिरीला फोन लावून स्पीकरवर टाकला. यादगिरी जणू तयारच बसला होता. "साब, जीपीएस देखो. पैंतीस मिनट बरकतपुरा में खडा था. पूछो, क्या उतारा."

"क्या उतारा?" साहेबांनी विचारलं.

"बाप को," मी म्हणालो. "ड्रेसिंग था." दवाखान्याचा कागद दाखवला.

"कागदावर पोती दिसत नाहीत," साहेब म्हणाले. ते इथलेच मराठी निघाले, पण त्याने काही मऊ झाले नाहीत. "पोती बदलायला पस्तीस मिनिटं पुरतात."

गँगमधले बारा जण माझ्याकडे बघत होते. चोरीचा ठपका बसला तर ट्रक जाणार होताच, आबिड्सचं ऑफिसही मला ठेवणार नव्हतं. आणि घरी आईला काय सांगायचं?

मल्लय्या मात्र खाली बसला होता. ब्लेडने एका चावीचा रंग खरवडत होता. आत करवतीची बारीक खाच दिसली. मग दुसरी खरवडली. तिच्यावरही खाच.

"ये हमारा निशान है," तो म्हणाला.

त्याच्या गँगची ही रीत होती. काढलेल्या प्रत्येक चावीवर खाच मारायची, म्हणजे ती पुन्हा रुळावर यायला नको. इतर गँग एवढा त्रास घेत नाहीत. म्हणजे त्यांनीच काढलेल्या चाव्या रंगवून परत आल्या होत्या; यार्डातल्यांना खाचेचं माहीत नसावं.

"ये माल गुरुवार को इधर से गया," मल्लय्या म्हणाला. "गुरुवार को गाडी कौन लाया था रे?"

"दुसरा ड्रायव्हर. गुरुवारी मी आबिड्सला असतो."

"पुरावा?" साहेब.

"अंगठ्याची हजेरी लागते, साहेब. आत्ता फोन करा."

त्यांनी खरंच केला. माझ्यासमोर, माझ्याच ऑफिसात. गुरुवारची हजेरी निघाली. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही फोन केला असता. मग त्यांनी विचारलं, "सकाळी काहीच दिसलं नाही तुला?"

"दिसलं. हात काळा झाला होता."

"मग?"

"पार्टटाइम आहे, साहेब. जास्त बोललो तर उद्या दुसरा ड्रायव्हर ठेवतात."

मल्लय्या उठला. "पटरी पार्टटाइम नै रहती, बेटा."

त्याने फाटकाच्या खोलीत ठेवलेल्या जादा नव्या चाव्या काढल्या. निम्मंच काम झालं. उरलेल्या तुकड्यावरून चार दिवस गाड्या सावकाश सोडल्या.

चौकशीत मी एक पान लिहून दिलं, इंग्रजीत, काळ्या हातासकट. यादगिरीला दुसऱ्या साइटवर पाठवलं. रंग कोणी लावला ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. माझा एक अंदाज आहे, तो इथे लिहीत नाही. बाबांना ट्रकमध्ये बसवल्याबद्दल मला ताकीद मिळाली. ती बरोबर होती.

शिकलो ते एवढंच: शंका आली की पोतं यार्डातच उघडावं. रुळावर उघडलं की आधी पोचवणाऱ्यालाच पकडतात.

पुढच्या वर्षी ठेकेदाराने मला मटेरियल सुपरवायझर केलं. आता प्रत्येक पोतं माझ्यासमोर उघडून मग चढतं. नोकरी पूर्णवेळ आहे. आईने दोन्ही घरचा स्वयंपाक सोडला.