औशाच्या वाटेवर ‘पुट ऑफ’

नांदेडहून लातूरची एसटी सुटली तेव्हा मला ओढ होती ती औशाच्या किल्ल्याची. साताऱ्यात मी इंग्रजी शिकवते आणि सुटीत एखादा तरी किल्ला पाहते. शेजारी हदगावकडचे एक शेतकरी बसले होते. लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन दिसू लागलं, तसं त्यांनी फडक्यातून धपाटं (ज्वारीचं तिखट थालीपीठ) काढलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. बोलता बोलता माझा विषय कळला, तसे ते सावरून बसले.

“मॅडम, पुट ऑफ म्हंजे मोडणंच ना?”

त्यांच्या मुलीची, रेखाची, सोयरीक औशात जमली होती. परवा नवऱ्या मुलाचा तिला फोन आला, “लग्न पुट ऑफ करू.” रेखानं वडिलांना अर्थ सांगितला, ऑफ म्हणजे बंद. म्हणून ते साखरपुड्याची साडी परत करायला निघाले होते.

“नाही हो काका,” मी उत्साहाने म्हणाले. “मोडणं म्हणजे कॉल ऑफ. पुट ऑफ म्हणजे नुसतं पुढं ढकलणं.”

त्यांचा चेहरा उजळला. खडखडाटात ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकरवरच फोन लावला. “पोरी, लग्न मोडलं न्हाई! पुढं ढकललंय.”

पलीकडून हळू आवाज आला, “मला ठाऊक हाय, बाबा.”

“मग असं का सांगितलंस?”

“लग्नानंतर शिक्षण बंद, म्हणला तो. मला न्हाई जायचं तिथं. तुमी लई खुशीत होता. खरं सांगवलंच न्हाई.”

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. काकांनी उरलेलं धपाटं तसंच फडक्यात बांधून ठेवलं. आपण कशाला बोललो, असं मला होऊन गेलं. लातूरला मी औशाची गाडी धरली, तर तेही मागोमाग चढले.

“आता काय करणार, काका?”

“जातो की. साडी देऊन येतो. मोडलं म्हणून मराठीतच सांगतो.”

किल्ल्याचे बुरूज, खंदक सगळं पाहिलं, पण लक्ष लागेना. संध्याकाळी स्टँडवर परतले, तर काका उसाच्या रसाच्या गाड्याशी फोन कानाला लावून उभे होते.

“काय म्हणाले ते लोक?” मी घाईने विचारलं.

“थांबा मॅडम, पोरीला फोन लावून राहिलो. आधी तिला सांगतो.”

तेवढ्यात माझी सोलापूरची गाडी लागली. त्या घरात काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. घरी सगळे विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते: ते आधी रेखाला कळलं.